एअर सस्पेन्शनचं कोटेशन: हो म्हणण्याआधी

गाडीच्या एअर सस्पेन्शनच्या (स्प्रिंगऐवजी हवेवर गाडी तोलणारी यंत्रणा) दुरुस्तीचं वर्कशॉपने दिलेलं कोटेशन बघून पोटात गोळा आला असेल, पण घाबरून लगेच हो म्हणू नका. आधी एकच विचारा: बिघाड नेमका कुठे आहे आणि तो कसा सापडला? रात्रभर उभी राहिल्यावर गाडी एकाच कोपऱ्यात खाली बसत असेल, तर बहुतेक त्याच बाजूचा एअर स्ट्रट (चाकाजवळचा हवा भरलेला आधार) किंवा त्याची नळी गळतेय. साबणाचं पाणी मारायला सांगा, बुडबुडे येताना स्वतःच्या डोळ्यांनी बघा. हवा गळत राहिली की हवा भरणारा कॉम्प्रेसर सतत चालून जळतो, म्हणून स्ट्रट आणि कॉम्प्रेसर दोन्ही बदलायला सांगितलं तर ते खोटंच असं नाही. चारही स्ट्रट कशाला, हे मात्र वर्कशॉपवाल्यांना पटवून द्यायला लावा.

पार्ट नंबर, किंमत, मजुरीचे तास सगळं वेगवेगळं लिहून घ्या. एकरकमी आकडा मी कधीच मान्य करत नाही. तेच नंबर घेऊन बाहेरच्या जाणत्या गॅरेजमध्ये भाव काढा. आणि हो, 22 सप्टेंबर 2025 पासून बहुतेक सुट्या भागांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आलाय, कोटेशनात जुना दर तर लावला नाही ना, तेवढं तपासा. काढलेले जुने भाग परत हवेत, हेही आधीच सांगून ठेवा.