फिरत्या शिफ्टची नोकरी सांभाळून आरोग्य क्षेत्रातलं पदव्युत्तर शिक्षण पूर्ण करता येतं का?

हो, येतं, फक्त पहिल्याच दिवशी पूर्ण मास्टर्सला नाव नोंदवू नका, सुटे मॉड्यूल घेता येतील असा क्रेडिटवर चालणारा अभ्यासक्रम निवडा. ब्रिटिश विद्यापीठांची रचना पाहिली की गणित लगेच कळतं: ६० क्रेडिटला पीजी सर्टिफिकेट, १२० ला डिप्लोमा, १८० ला मास्टर्स, आणि एक क्रेडिट म्हणजे साधारण १० तासांचा अभ्यास. म्हणजे सर्टिफिकेटलाच ६०० तास. वर्षभरात संपवायचं तर आठवड्याला जवळपास १२ तास, तेही रात्रपाळ्या धरून! जाहिरातीत ‘लवचिक’ लिहिलेलं असतं, पण खरी लवचिकता कुठे आहे ते प्रवेशाआधी विचारून घ्या:

- व्याख्यानं रेकॉर्ड केलेली मिळतात की ठरलेल्या वेळी हजर राहावं लागतं
- मध्ये एखादं सत्र सोडता येतं का, आणि एकूण मुदत किती वर्षांची
- मध्येच थांबलात तर तोवरच्या क्रेडिटवर सर्टिफिकेट किंवा डिप्लोमा मिळतो का

माझ्या मते तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.

एक मर्यादा मात्र आहे. सार्वजनिक आरोग्य, रुग्णालय व्यवस्थापन, संशोधन पद्धती हे विषय दूरस्थ पद्धतीने चांगले जमतात. शस्त्रक्रिया किंवा भूल यांसारख्या क्लिनिकल विशेषज्ञतेसाठी देखरेखीखालचं प्रत्यक्ष प्रशिक्षण लागतंच. पदवीमुळे बढती किंवा नोंदणी हवी असेल तर आपल्या नोंदणी परिषदेची मान्यता फी भरण्यापूर्वी लेखी तपासा.