वावरात जाणाऱ्या मोटारसायकलची चेन

भाऊ, पांदणीतली काळी माती चेनकव्हरात शिरून तिथंच वाळते आणि कानशीसारखी चेन खाते. म्हणून पावसाळ्यात कव्हर अधूनमधून खोलून धूच. डिझेल आणि ब्रश पुरे, पेट्रोल नको. चेन कोरडी पुसून ९० नंबरचं गिअर ऑईल आतल्या बाजूनं सोड. जळकं ऑईल तर नकोच, त्यात लोखंडाचा कीस असतो.

ढिल बघायची तर गाडी डबल स्टँडवर, न्यूट्रलमध्ये. कव्हरचं रबरी बूच काढून चेन बोटानं वर-खाली कर. बहुतेक १००–१२५ सीसी गाड्यांना २० ते ३० मिमी लागते, पक्का आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. चाक फिरवत जिथं चेन जास्त ताठ होते तिथंच मोज. गावात ताठ चेन म्हणजे चांगली समजतात, पण तीच गिअरबॉक्सचं बेअरिंग खाते.

कसताना मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर (चेन ताणायचे बोल्ट) सारख्या खुणेवर आण, नाहीतर चाक तिरकं बसतं. चाक मागे सरकलं की ड्रम ब्रेक आवळतो, तोही जुळव. चेनची टोकं जोडणाऱ्या लॉकपट्टीचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला ठेव. स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यांवर फिरते त्या दातेरी चकत्यांचे, दात वाकडे, अणकुचीदार झाले असतील तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदल. नवी चेन जुन्या दातांवर लवकर जाते.