बिल्ला नसलेला जुना ड्रम: आधी आत टॉर्च मारा

लग्नाच्या बँडवाल्याकडून कंपनीचा बिल्ला नसलेला जुना ड्रम घेतलात आणि तो कोणत्या कंपनीचा हे विचारताय, छान! सोलापुरात असा माल अजून निघतो. पण रिम (कातडं धरून ठेवणारी कडेची गोल पट्टी) बघून कंपनी ठरवू नका, रिम सर्रास बदललेली असते.

हेड (वाजवायचं कातडं) काढून शेल (ड्रमचं गोल लाकडी अंग) आतून बघा. लाकडाचे तीन थर आणि कडांना लाकडी कडी असेल तर लुडविग किंवा स्लिंगरलँड या अमेरिकन कंपन्यांची शक्यता. कडी नाही, आत चंदेरी रंग, तर ग्रेच, हीही अमेरिकन कंपनी. मात्र रंग कोणीही मारू शकतो, एवढ्यावर विसंबू नका.

मग लगच्या (शेलवर बसवलेला, रिम ताणणारे बोल्ट ज्यात जातात तो धातूचा तुकडा) दोन स्क्रूंमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मिलिमीटरमध्ये मोजा, कंपनी ओळखायला ते कामी येतं. शेजारी बुजवलेली भोकं दिसली तर लग मूळचे नाहीत.

आतून पॉलिश पेपर मारू नका! 1960 च्या दशकातल्या अनेक लुडविगवर तारखेचा शिक्का असतो, तो जाईल. नवं हेड अडकतंय म्हणून शेलही तासू नका. जुन्या ड्रममध्ये ब्रिटिश कंपनी प्रीमियरची शेल मुळातच किंचित मोठी असते, म्हणून आजचं हेड अडकतं.