झोपेतच श्वास बंद पडला तर?

खुर्चीवर बसल्यावर पहिलं वाक्य बोलायला काकांना दोन मिनिटं लागली. नागपुरात धंतोलीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीपर्यंत जेमतेम पंधरा पायऱ्या आहेत, पण मे महिन्याच्या उन्हातून येऊन त्या चढणं सीओपीडीच्या, म्हणजे फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या माणसाला सोपं नाही. तोवर काकूच बोलत होत्या. "रातभर हे बोटाले ते मशीन लावून बसते जी. माझा डोळा उघडला का अंधारात लाल आकडे दिसते." ते मशीन म्हणजे रक्तातला ऑक्सिजन मोजणारं ऑक्सिमीटर.

मग काका म्हणाले, "झोप येते मॅडम. पण डोळा लागला का वाटते, आता श्वास बंद पडते. मंग उठून बसतो."

तीस वर्षं बिडी, सहा वर्षांपूर्वी सोडलेली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) फुप्फुसाचा जुना आजार असलेल्या कितीतरी जणांनी मला हाच प्रश्न विचारला आहे आणि तो मला कधीच वेडगळ वाटला नाही. झोपेत श्वास खरोखरच उथळ होतो. स्वप्नांच्या झोपेत मानेचे आणि बरगड्यांमधले स्नायू सैल पडतात, सगळा भार एकट्या श्वासपटलावर येतो. या आजारात फुप्फुसं हवेने फुगून ते आधीच दबून सपाट झालेलं असतं. त्यामुळे काही वेळ ऑक्सिजन खाली जातो. काकांना जाणवत होतं ते उगाच नव्हतं. पण ऑक्सिजन खाली जाणं म्हणजे श्वास बंद पडणं नव्हे. मेंदूतलं श्वासाचं केंद्र आपण झोपलो तरी काम करत असतं. हे चित्र काढून दाखवलं तेव्हा काका पहिल्यांदा टेकून बसले.

मला धास्ती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. काकू बोलता बोलता म्हणाल्या, सकाळी यांचं डोकं जड असते, दुखते. झोपेसाठी काही घेता का, विचारलं. शेजाऱ्यांकडची गोळी, तीन आठवड्यांपासून. झोपेच्या बऱ्याच गोळ्या श्वास मंदावतात; अशा फुप्फुसांत मग कार्बन डायऑक्साइड साठू शकतो आणि सकाळची डोकेदुखी हे त्याचं एक लक्षण असतं. त्या दिवशी समुपदेशन तिथेच थांबवलं आणि त्यांच्या छातीच्या डॉक्टरांना फोन केला. मनगटातून रक्त काढून तपासणी झाली. डॉक्टरांनी गोळी हळूहळू बंद केली. मागच्या महिन्यात दम वाढला तेव्हा सुरू केलेली स्टेरॉइडची गोळी काका रात्री घेत होते, तीही सकाळवर आणली. ती रात्री घेतली की झोप उडते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. दर वेळी औषध, खोकला, दम सगळं विचारलं जातं. झोप कशी आहे, हे राहून जातं. तुम्हाला विचारलं नाही तर तुम्ही सांगा, अगदी पहिल्या वाक्यात.

मग आमचं काम सुरू झालं. आठवडाभर वहीत लिहून आणायला सांगितलं. रात्री साडेआठ ते सकाळी सहा अंथरुणात, त्यात झोप साडेचार तास. दुपारी कूलरसमोर आणखी दोन. एवढा वेळ जागं पडून राहिलं की अंथरूण म्हणजे भीतीचीच जागा होते. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणली, रात्री साडेदहाच्या आधी पाठ टेकायची नाही असं ठरवलं. दम लागला की पडून न राहता खुर्चीत यायचं, टेबलावर कोपर टेकून पुढे वाकायचं, गरम चहावर फुंकर घालतो तसा ओठांतून हळू श्वास सोडायचा. सोबत बॅटरीचा छोटा पंखा, तोंडासमोर धरायला. गालांवर वारा लागला की धाप कमी जाणवते. कूलरच्या ताट्यांना कुबट वास येत होता, त्या बदलायला लावल्या.

मशीन मात्र सुटेना. तिसऱ्या भेटीत कारण कळलं. मोठा भाऊ दम्याचा. "माय म्हणाली, झोपीतच गेला." तेव्हा काका अठरा वर्षांचे होते आणि त्याच खोलीत झोपलेले होते. इतकी वर्षं त्यांनी हे काकूंनाही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी व्यायाम, वही काहीच घेतलं नाही.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर एक आकडा लिहून दिला: याच्या खाली गेला आणि तिथेच राहिला तर फोन करा. मशीन काकूंच्या कपाटात गेलं, झोपण्याआधी एकदाच बघायचं.

बायकांच्या बाबतीत दुखणं लवकर दिसतही नाही. कामठीच्या एका मावशींनी बिडीला कधी हात लावला नाही, पण चाळीस वर्षं चुलीचा धूर घेतला. त्या फक्त "थकवा येते" म्हणायच्या. घोरण्याचं सांगायची त्यांना लाज वाटायची. झोपेची तपासणी झाली तेव्हा कळलं की फुप्फुसाच्या आजारासोबत झोपेत घशाची वाटही मिटत होती. आता त्या मास्कचं मशीन लावून झोपतात.

सहाव्या भेटीत काकांच्या वहीत साडेपाच-सहा तासांची झोप होती, रात्री दोनदा जाग. पायऱ्यांवर अजूनही थांबावं लागतंच. निघताना काकू दारात घुटमळल्या. "आता मीच जागी रायते मॅडम. यायचा श्वास ऐकत."

पुढची भेट मी काकूंच्या नावाने लिहून घेतली.