गोड्या पाण्यातली गरी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मे महिन्यात साळावली धरणाजवळ नातेवाइकांकडे राहणार आहोत. खाडीत गरवायची सवय आहे, गोड्या पाण्याची नाही. काय न्यावे? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : आधी परवानगीचे बघा. मत्स्योद्योग खाते आणि धरणावरचे कर्मचारी, दोघांनाही विचारा. खाडीची जाड तंगूस (गरीची नायलॉनची दोरी) घरीच ठेवा, ०.३० मिमीची पुरते. गरी ६ ते ८ नंबरची घ्या (आकडा मोठा तशी गरी लहान).

आमिषासाठी दोन वाट्या कणीक आणि एक वाटी शेंगदाण्याची पेंड थोड्या पाण्यात चपातीच्या पिठापेक्षा घट्ट मळा. सैल झाली तर गरी फेकतानाच गळून पडते, फार कडक झाली तर ओढ दिली तरी गरीचे टोक बाहेर येत नाही आणि मासा सुटतो. गोळी वाटाण्याएवढी करा. कोंडा आणि पेंडीचा चारा अर्धा तास आधी एकाच जागी टाका, तोही मूठभरच. पोट भरलेला रोहू गरीकडे बघत नाही, शिवाय हेच पाणी दक्षिण गोव्याच्या नळांना जाते.

कटला वरच्या पाण्यात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. दोरीवरचे तरंगणारे बूच त्या हिशेबाने वरखाली सरकवा. मात्र मेमध्ये पाणी उतरते, बुडालेल्या कुर्डी गावाचे अवशेष वर येतात आणि काठाजवळ झाडांची खोडे लपलेली असतात. तळाला शिसे सोडलेत तर गरी अडकलीच म्हणून समजा. बूच नुसते थरथरले तर बहुधा तिलापिया गोळी कुरतडतोय; ओढू नका. ते आडवे सरकू लागले की मनगटाने एकच झटका द्या. सकाळी उजाडताना किंवा संध्याकाळी बसा. गुडघाभर पाण्यात उतरू नका, काठावर मासे धुऊ नका : मगरींचा वावर असतो.

प्रश्न : तळ्यातल्या रोहूला मातीचा वास येतो, घरी कोणी खात नाही. विकले तर भाव मिळेल का? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : वास चिखलाचा नाही. साचलेल्या पाण्यातल्या निळ्या-हिरव्या शेवाळातून जिओस्मिन नावाचे द्रव्य निघते, ते माशाच्या चरबीत मुरते. जिवंत मासा दोन-तीन दिवस स्वच्छ, वाहत्या पाण्यात उपाशी ठेवला की बराचसा जातो. मेलेल्या माशाची कातडी आणि बाजूची तांबूस पट्टी काढा, तुकड्यांना मीठ-लिंबू लावून अर्धा तास ठेवा. आंबट पदार्थाने जिओस्मिन मोडते. सोलांच्या आमटीत तो वास म्हणूनच कमी जाणवतो.

भावाचे म्हणाल तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात बंदी असते, तेव्हा मासळी बाजार रिकामा असतो. तेव्हाच विका, आणि जिवंत विका. इसवण-पापलेट भरपूर असताना गोव्यात रोहूला फारसे कोण विचारत नाही; विचारतात ते बंगाल-ओडिशाकडचे कामगार, आणि तेही मासा डोक्यासकट मागतात.

प्रश्न : पहिल्या पावसात शेतात चढणारे मासे पकडावेत का? (एक वाचक, केपे)

उत्तर : नकोच. पोटात अंडी असतात. मरळीच्या बाबतीत तर लालसर पिलांचा घोळका वरवर दिसला की खाली आई-बाप राखणीला असतात. ते गेले की पिले दुसऱ्या माशांच्या तोंडी जातात.