कायदेविषयक सल्ला : झूव्हची म्हणून घेतलेली फुलदाणी

प्रश्न : तुलूझला नोकरीला असताना २०२२ मध्ये मी लियाँच्या एका अँटिक दुकानातून काळ्या सिरॅमिकची फुलदाणी, फ्रेंच सिरॅमिक कलाकार झूव्हची म्हणून, २,४०० युरोंना घेतली. पावतीवर फ्रेंचमध्ये ‘जॉर्ज झूव्ह, फुलदाणी, १९५५ च्या सुमारास’ एवढंच आहे. आता मी पुण्यात परतलोय. गेल्या महिन्यात एका जाणकाराने ती झूव्हची नसल्याचं लेखी कळवलं. दुकानदार म्हणतो, ‘मलाही ठाऊक नव्हतं.’ पैसे परत मिळतील का?

उत्तर : मला आशा वाटते, ती तुमच्या पावतीमुळे. फ्रान्समध्ये ३ मार्च १९८१ चा एक सरकारी आदेश आहे. कलाकाराच्या नावाला लागूनच वस्तूचं नाव लिहिलं आणि शंकेचा शब्द घातला नाही, तर वस्तू त्याच्याच हातची असल्याची हमी विक्रेत्याने दिली असं धरतात. ‘दाँ ल गू द झूव्ह’, म्हणजे झूव्हच्या धाटणीची, असं लिहिलं असतं तर ही हमी नसती. मूळ पावती कुणाच्या हाती देऊ नका, झेरॉक्स द्या.

दुकानदार खरंही बोलत असेल. पण फ्रेंच दिवाणी संहितेच्या कलम ११३० ते ११३२ नुसार वस्तूच्या मूळ गुणाविषयी गैरसमज होऊन झालेला व्यवहार रद्द होऊ शकतो, फसवण्याचा हेतू दाखवावा लागत नाही. मुदत ५ वर्षं, तीही गैरसमज उघड झाल्या दिवसापासून.

खरी मेहनत पुराव्यावर घ्या. एका पक्षाने स्वतःहून आणलेल्या एकट्या अहवालावर फ्रेंच न्यायालय निकाल देत नाही. त्याला जोड हवी, आणि ती तुम्ही पाठवलेल्या तळाच्या फोटोत मला दिसते. कच्च्या मातीत कोरलेल्या रेघेच्या कडा किंचित उचललेल्या, मऊ असतात. भाजल्यावर कोरलं की कडेचे बारीक टवके उडतात. तुमच्या फुलदाणीवर सहीच्या शेवटच्या अक्षराशी असेच टवके आहेत, म्हणजे सही भाजल्यानंतर कोरलेली दिसते. तळ घासू नका, धुऊही नका. तिरप्या उजेडात जवळून फोटो काढून दुसऱ्या जाणकाराचंही लेखी मत घ्या.

मग दुकानदाराला पोचपावती मिळेल अशा टपालाने फ्रेंचमध्ये नोटीस द्या. रक्कम ५,००० युरोंच्या आत असल्याने कोर्टाआधी समेटाचा प्रयत्न सक्तीचा आहे. तिथले न्यायिक समेटकार फी घेत नाहीत. नाहीच जमलं तर लियाँचं दिवाणी न्यायालय. एवढ्या रकमेला वकील सक्तीचा नाही, पण पुण्यात बसून लढायचं तर तिथला एखादा वकील पाहाच.

व्यवहार रद्द झाला की फुलदाणी परत द्यावी लागेल. तोवर ती विकू नका, कुणाला भेटही देऊ नका. आणि पाठवण्याचा खर्च दुकानदाराने सोसावा, ही मागणी नोटिशीतच लिहून टाका.