वाटणी मागायला लाजू नकोस

प्रिय मुला,

औंधच्या आयटीआयचे दुसरे वर्ष सोडून अर्धांगवायू झालेल्या आजोबांजवळ घरी बसावे का, असा तुझा प्रश्न आहे, आणि तो विचारताना तू पुन्हा पुन्हा ‘दुसरं आहे कोण?’ असे म्हणत होतास. दुसरे आहेत. हडपसरला तुझे काका आहेत, बिबवेवाडीत आत्या आहे आणि सहकारनगरातली धुण्याभांड्याची कामे उरकून संध्याकाळी परतणारी आई आहे. त्यांच्यापैकी कुणाकडेही कुणी अजून काही मागितलेले नाही, एवढाच काय तो प्रश्न आहे.

आजोबांचे करायला हवे की नको, हे मी तुला सांगत बसणार नाही. ते तुझ्या अंगात आहे. माझे म्हणणे एकच आहे: वाटणी कर. जनता वसाहतीतल्या तुमच्या गल्लीत सगळे तुला श्रावणबाळ म्हणू लागले आहेत, आणि त्या कौतुकाचीच मला भीती वाटते, कारण एकदा एकाला श्रावणबाळ ठरवले की बाकीच्यांची सुटका होते. ज्या शेजारणी तोंड भरून कौतुक करतात, त्यांच्यातल्या एखादीला मंगळवारी दुपारी दोन तास आजोबांजवळ बसायला सांगून बघ. जी बसेल तिची पाळी पक्की धर. वस्तीत अशी माणसे मिळतात, पण मागितल्याशिवाय मिळत नाहीत.

तुला हा माझा हट्ट वाटत असेल, तर हिशेबच मांडू. अर्धांगवायू झालेल्या माणसाला स्वतःहून कूस बदलता येत नसेल, तर साधारण दर दोन तासांनी त्याची कूस बदलावी लागते, म्हणजे दिवसरात्र मिळून बारा वेळा. परवा तू आजोबांना काखेत धरून ओढलेस, तसे पुन्हा करू नकोस. खांदा निखळेल आणि पाठीची कातडी घासली जाईल. जुनी चादर आडवी घडी करून खांद्यांपासून मांड्यांपर्यंत खाली घाल, दोघांनी दोन बाजूंनी ती धरा आणि माणूस उचलून सरकवा. दोघांनी, असे मी म्हणते आहे, हे ध्यानात घे. माकडहाड, खुबे आणि टाचा रोज उजेडात पाहा. लाल झालेल्या जागी बोट दाबून उचलल्यावर तिथली लाली क्षणभरही फिकी झाली नाही, तर ती जखमेची सुरुवात समज. ती जागा चोळू नकोस, तिच्यावर भार येऊ देऊ नकोस आणि दवाखान्यात दाखव. आता सांग, जो रात्री दोनला, चारला आणि सहाला उठतो, तो सकाळी औंधला जाऊन यंत्रावर हात शाबूत ठेवून काम कसे करील?

दुसरी गोष्ट पाण्याची. सार्वजनिक संडासापर्यंत पायऱ्या उतराव्या लागतात म्हणून आपल्या वस्त्यांतली म्हातारी माणसे वर्षानुवर्षे पाणी मोजून पितात. आता आजोबांना खोलीतच भांडे मिळते, तरीही ते कमीच पितात, कारण नातवाला झोपेतून उठवायचे त्यांच्या जिवावर येते. त्यातून लघवीचा संसर्ग होतो, ताप येतो आणि पुन्हा ससून रुग्णालयाची वारी घडते. करणारा एकटा असला की आजारी माणूस स्वतःची गरज आखडून घेतो. तिथेही वाटणीच हवी.

सरकारी मदतीबद्दल थोडक्यात सांगते. आजोबा सत्तरीपुढचे आहेत, तेव्हा त्यांचे आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घे. त्यात उत्पन्नाची अट नाही आणि वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. घरातले डायपर, हवेची गादी आणि तुझी रात्रपाळी त्यात बसत नाही. वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ योजनेचे दरमहा १,५०० रुपये मिळू शकतात, मात्र उत्पन्नाची अट वर्षाला २१,००० रुपयांची, म्हणजे महिन्याला पावणेदोन हजारांची आहे. पुण्यात तेवढ्यात कोणते कुटुंब जगते, हे अट घालणाऱ्यालाच ठाऊक. तरी तहसील कचेरीत विचारून ये. आणि काका ‘आमचा काय संबंध’ म्हणालेच, तर आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा आहे हे त्यांच्या कानावर घाल. त्यात मुलगा, मुलगी आणि सज्ञान नातवंडे सगळी येतात, आणि प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात निर्वाहाची रक्कम मागता येते. मात्र तो कायदा पैसे मिळवून देईल. कूस बदलायला माणूस पाठवणार नाही.

माझ्या सासऱ्यांच्या आजारपणात मी दिरांना सांगितले होते की चार महिने ते तुमच्याकडे राहतील आणि त्या काळात आम्हाला पाठवायचा पैसा तुमचा तुम्ही खर्च करा. सगळ्या भावकीत बोभाटा झाला की हिने म्हाताऱ्याला घराबाहेर काढले. धाकटी जाऊ आजही लग्नकार्यात भेटली की मान फिरवते. आमची मैत्री फार जुनी होती; ती गेली याचे दुःख मला आहे आणि ते राहील. पण त्या चार महिन्यांत माझी नोकरी टिकली, त्या पगारावर पुढची औषधे आली, आणि सासऱ्यांना धाकट्या नातवंडांचा लळा लागला, हे कुणी बोलून दाखवत नाही. मी पुन्हा तसेच करीन. लोक काय म्हणतील, याला घाबरून गप्प बसलेल्या सुना मी माझ्या घरोघर फिरायच्या नोकरीत पाहिल्या आहेत. त्यांच्या कमरा गेल्या, पण भांडण मात्र व्हायचे ते झालेच.

तेव्हा येत्या रविवारी काका आणि आत्या या दोघांना बोलाव. आजोबांना ऐकू येते, म्हणून बोलणे त्यांच्यासमोरच होऊ दे, आणि आपण ओझे झालो असे त्यांना वाटू न देता बोल. ‘मदत करा’ असे मोघम म्हणू नकोस. वार आणि वेळ सांग. शनिवारची रात्र काकांची, बुधवारची दुपार आत्याची, आणि सकाळचे आईचे काम एक घर कमी करून भागते का, तेही तिलाच विचार. काका खिशातून पैसे काढतील. ते घे, आढेवेढे घेऊ नकोस, आणि लगेच शनिवारी किती वाजता येता ते विचार. मी दाराशी बसेन. तुझा आवाज अडकला तर बोलेन, पण सुरुवात तू करायचीस.

तुझी,
मावशी